तोळ

मी खानापूरच्या कोर्टात दुभाष्या, रोजावर.
साक्ष मराठीत, कागद कानडीत,
मधे मी,
ओढ्यावर टाकलेल्या ओंडक्यासारखा:
पाय सगळ्यांचे पडतात, काठ कुठलाच माझा नाही.

खासगी फिर्याद, अब्रुनुकसानीची.
फिर्यादी रेव्हरंड शिमोन हेरेकर, मंडळीचे पाळक.
आरोपी दोर्कस नथानेल भंडारे, वय एकसष्ट,
कौलांच्या कारखान्यात चिखल मळायची पूर्वी,
बोटांच्या पेरांत तो अजून लाल.
आरोप एका शब्दाचा.

नथानेल गेला तेव्हा अकरा महिन्यांची वर्गणी थकलेली होती.
पटावरून नाव कमी झालेलं होतं.
कबरस्तानाच्या फाटकाची चावी पाळकांच्या खिशात राहिली
आणि ही, चाळीस माणसांसमोर, पेटीला हात लावून म्हणाली:
पाळक नव्हेस तू, लांडगा आहेस.

मी भाषांतर केलं.
पाळक कानडीत पालक होतो, तेवढ्यात भागतं.
लांडग्याला म्हणतात तोळ.
टायपिस्ट पोरगी निपाणीची, घरची बोली मराठी,
थांबली, मान वर करून विचारलं,
किती तोळे?
सगळं कोर्ट हसलं. रेव्हरंडही हसले,
मग दुसऱ्याची छत्री हातात आल्यासारखे
आपल्याच हसण्याकडे बघत राहिले.
दोर्कसबाई हसली नाही.

तिच्या वकिलानं उलटतपासणीत विचारलं,
चांगला पाळक कुणाला म्हणायचं?
रेव्हरंडांचा रविवारचा आवाज लागला,
जो मेंढरांसाठी आपला जीव...
साहेबांनी पेन उचललं.
पाळक चांगला की वाईट, पट कसा ठेवायचा, चावी कुणाकडे,
ते मंडळी बघेल, बिशप बघतील.
इथं दोनच गोष्टी: शब्द बोलला गेला का,
आणि त्यानं अब्रू गेली का.
पलीकडचं कोर्टाच्या व्याप्तीत येत नाही.

व्याप्ती.
मी म्हटलं, हद्द. बाई, कोर्टाची हद्द इथं संपते.

हद्द आम्हाला नका सांगू, साहेब, ती म्हणाली,
आमचा जन्म हद्दीवरच गेला.
माझा माणूस कुंपणाबाहेर सहा पावलांवर पुरलाय.
मोजून बघा.

मी सांगितलं, आरु हेज्जे. सहा पावलं.
फिर्यादीचे वकील उठले, अप्रस्तुत.
साहेब म्हणाले, काढून टाका.
पूर्वी खोडलेलं निदान दिसायचं,
शाईखाली अक्षराची पाठ दिसायची.
आता पडद्यावर काही उरत नाही.

साहेबांचं चुकलं असं म्हणवत नाही.
उद्या कोर्टच प्रार्थनेला मार्क द्यायला लागलं,
कुणाचं आमेन मनापासूनचं, कुणाचं नाही,
तर त्या फाटकाला आणखी एक कुलूप लागेल फक्त.
पण कायदा तिला म्हणतो, खरं असेल तर सिद्ध कर.
आणि खरं आहे कुंपणाच्या आत.
आणि आत, कायदाच म्हणतो, मी येत नाही.
हे मी कुठल्या भाषेत नेऊ?

मधल्या सुट्टीत रेव्हरंड नळापाशी भेटले.
हळूच विचारलं,
कानडीत तो शब्द थोडा सौम्य होतो का हो?
म्हटलं, जनावर तेच आहे.
ते पुष्कळ वेळ हात धूत राहिले.
बाहीचं बटण तुटलेलं, पांढऱ्या दोऱ्याऐवजी काळ्यानं शिवलेलं,
घरात दुसरं कुणी नसावं.
त्यांचाही राग येईना मला नीट.

तारीख चौदा पडली.
दोर्कसबाई पायरीवर पिशवी आवरत होती.
मी म्हटलं ते पोचलं का तिथवर?
शब्द पोचला, मी म्हणालो.
आणि पावलं?

माझ्या हातात पावती होती,
साक्षीदार एक, भाषांतर एक, रुपये दोनशे.
मी ती उलटीसुलटी करून बघितली.
बीडीची लाल बस आली
आणि ती बोर्ड न वाचता चढली.