हे नावाचं अक्षर

जेरबा बेटावर, हारा कबीरात,
आमचं दार निळं आहे, त्यावर मासा काढलेला.
बाबा मेंढीच्या कातड्यावर धर्मग्रंथ लिहितात.
मी बोरू तासून देते,
मायफळ कुटते, हिराकस घालते, डिंक,
आणि शाई गाळताना तोंड मिटून ठेवते,
थुंकीचा थेंब पडला तर सगळी फुकट.
लिहायचं मात्र मला नाही. तो नियम.
मी कधी विचारलं नाही.
एकदाच विचारलं होतं.

आमची अक्षरं रेषेवर बसत नाहीत,
रेषेखाली लोंबतात,
दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी.
त्यांतलं एक, हे.
'घ्या, हे,' म्हणतो ना आपण, तसंच नाव.
एक छप्पर, उजवीकडे भिंत,
आणि डावा पाय, जो छपराला टेकत नाही.
तळ नाहीच.

"ज्याला घसरायचंय त्याला घसरता यावं म्हणून,"
बाबा सांगत, मखलूफला नि मला,
एकाच ताटातलं कुसकुस खाताना.
"जग या एका अक्षराने केलं.
ओठ लावला नाही, जीभ लावली नाही. नुसता श्वास."
आई तेव्हा कंदिलाची काच पुसत होती.
तिने काचेवर तोंडाने ह् केलं,
धुकं धरलं,
म्हणाली, "एवढंच?"

"आणि वरची फट?"
"परत येणाऱ्यासाठी.
पडलो त्या वाटेने चढता येत नाही."
मखलूफ हसला. तेव्हाच तो दाराएवढा होता.
"एवढ्याशा फटीतून?"
"वाकशील."
"आणि पाय कशावर ठेवू? तो तुकडा तर हवेत आहे."
बाबांनी ताटातलं गाजर त्याच्याकडे सरकवलं.

मग तो मार्सेलला गेला.
शनिवारच्या बोटीने. शब्बाथला.
वार मी मुद्दाम सांगते आहे.
त्याची पत्रं आली, अकरा.
मायफळांच्या डब्यात आहेत, न फोडलेली.
त्याचं नाव घरात कोणी घेत नाही.
घ्यावंसं वाटलं की आई काच पुसते.

आज बाबांचा हात थरथरला.
हेचा पाय वर सरकून छपराला चिकटला.
केसाएवढी शाई.
तेवढ्याने ते दुसरंच अक्षर होतं,
घशात अडकणारं, वरून बंद.
सुरीच्या टोकाने तेवढंच खरवडून चालत नाही.
फट कोरायची नसते, लिहायची असते.
अख्खा पाय पुसायचा आणि पुन्हा काढायचा.

दुपारभर त्यांनी पाय खरवडला.
पांढरी भुकटी गुडघ्यांवर.
उरलं छप्पर आणि एक भिंत.
मी बोरू तासून पुढे केला. घेतला नाही.
दुसरा तासला.
"गझाला, वारा कुठला?"
"उत्तरेचा."
"बोट?"
"मंगळवारी."
आज सोमवार, हे त्यांना ठाऊक होतं.

मग काढला.
वरून खाली, एका दमात.
फट केसाएवढीही पुरते म्हणतात.
ही तांदळाच्या दाण्याएवढी.
"मोठी झाली, बाबा. तपासणारे नावं ठेवतील."
"तो उंच आहे," ते म्हणाले,
आणि दौतीला झाकण लावायचं विसरले.

रात्री दाराला कडी नव्हती.
पहाटे आलं ते शेजारच्या कूकाचं मांजर,
दौत लवंडून, अंगणभर फिरून,
भिंतीवरून निघून गेलं.
फरशीवर काळे पाय, उंबऱ्यापासून विहिरीपर्यंत,
काही अर्धे, काही नुसते ठिपके.
आई फडकं घेऊन उठली.

"राहू दे," बाबा म्हणाले.
"आज मंगळवार."