राजी

पाच तारखेला, दूधवाल्याच्याही आधी,
बँक घरी येऊन जायची.
उशाशी फोन एकदा थरथरायचा,
हे म्हणायचे, "गेले,"
आणि कूस बदलायचे.
एकवीस हजार चारशे चाळीस.
मांजलपूर, तिसरा मजला, दीड बाल्कनी.

कर्जाच्या दिवशी दक्षेशभाईंनी
आणखी एक कागद सरकवला,
चहाची बशी सरकवावी तसा.
"नोकरी जाय तो त्रण हप्ता कंपनी भरशे, बेन."
प्रीमियम कर्जातच मिळवलेला, म्हणजे विम्यालाही व्याज.
तीनच का, मी विचारलं.
तीन महिन्यांत माणूस काहीतरी शोधतोच की, म्हणाले,
आणि मी सही केल्यावर, "राजी ने?"
गुजरातीत राजी म्हणजे खूश.
होते मी. खोटं कशाला सांगू.

ह्यांनी एकोणीस वर्षं मकरपुऱ्यात
बेअरिंगच्या कड्या मोजल्या.
केसाच्या विसाव्या भागाची चूक
डोळ्यांआधी बोटांना कळायची.
घरी पोळी उचलून म्हणायचे, कडेला जाड आहे.

ऑगस्टातल्या एका शुक्रवारी ह्यांना आणि आणखी अकरा जणांना
वर बोलावलं. एसी होता. काजूची बिस्किटं होती.
कागद टाईप करून तयार, तारखेसकट,
सहीपुरती जागा मोकळी.
"काढलं असं लागलं तर पुढे कोण घेईल, शिर्केभाई?
राजीनामा द्या. इज्जत राहील."
ह्यांनी दिला.
इज्जत घेऊन घरी आले. डब्यातली भेंडी तशीच होती.

क्लेमचा फॉर्म मी भरला, माझं अक्षर बरं.
'कारण' या रकान्यापाशी दोन रात्री गेल्या.
उत्तर अकराव्या दिवशी:
स्वेच्छेने नोकरी सोडल्यास लाभ देय नाही. पान चौदा पाहा.
पाहिलं. होतं.
पहिल्या दिवसापासून तिथेच बसलेलं,
मुंगीच्या अक्षरांत.

शाळेत कर्णिकबाई शब्द फोडून दाखवायच्या फळ्यावर.
राजी. नामा. राजी असल्याचा कागद.
राजी नसताना लिहिला तर त्याला काय म्हणायचं, बाई,
हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही;
दोन मार्कांचाच प्रश्न असायचा तो.

दक्षेशभाईंची बदली आणंदला झाली.
त्यांच्या खुर्चीवर आता एक मुलगी, आमच्या ऋजुताएवढी.
तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला, मग पुन्हा आपल्याकडे,
आणि हळूच म्हणाली,
कंपनीच्या लेटरहेडवर 'छाटणी' एवढा एक शब्द आणा.

तेव्हापासून बारा जण दर सोमवारी गेटवर उभे राहतात
एका शब्दासाठी.
वॉचमन ओळखीचा. स्टूल देतो. एकच आहे,
म्हणून कोणीच बसत नाही.

काल रात्री ह्यांनी कपाटातून स्वतःचा कॅलिपर काढला,
पान चौदा दिव्याखाली धरलं,
एकेक अक्षर मोजलं.
एक पूर्णांक एक मिलिमीटर. एक पूर्णांक शून्य नऊ.
"आमच्याकडे आलं असतं तर
परत पाठवलं असतं," म्हणाले.
कितीतरी दिवसांनी आवाज चढला होता.

आज पाच.
फोन थरथरायच्या आधीच दोघं जागे.
ऋजुताची एफडी मोडून भरलेलं खातं.
"गेले," मी म्हणाले.
ते काही बोलले नाहीत.
खाली दुधाच्या कॅनचा आवाज आला.