नमुना क्रमांक बारा

पिसे क्लार्कनं खिडकीतनंच कागद परत ढकलले.
हजेरी पंच्याहत्तर टक्के लागते, तुमची एकाहत्तर.
पाठ टिपणं वीस, तुमची अठरा.
शिबिराचा दाखला आहे, रक्तगटाचा आहे,
प्रकल्पाला मात्र तालीमप्रमुखाची सही नाही.
"मोरबाळे, आखाड्यात एका डावात निकाल लागतो,
पदवी म्हणजे चार वर्षं धरून ठेवायची पकड."
आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन
त्यांनी चहावरची बशी उचलली.

प्रकल्पाचा विषय: सरावातील पाणी आणि शरीराचे वजन.
नमुना संख्या बारा.
अकरा पोरी, बारावी मी.
काटा लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानातून मागून आणलेला,
त्याच्या फटीत अजून जोंधळ्याचे दोन दाणे अडकलेले.
जोर मारण्याआधी वजन, माती झाडून परत वजन,
मधल्या दीड तासात पाण्याचा थेंब नाही.
तालमीचा नियमच तो.
"कसरतीत पाणी प्यालं की अंग ढिलं पडतंय,"
दस्तगीर वस्ताद सांगतात,
त्यांना त्यांच्या वस्तादांनी सांगितलेलं,
त्यांना कुणी, ते मातीला माहीत.

बाराजणींपैकी पाचजणींची घट दोन टक्क्यांच्या वर.
एवढं एक वाक्य लिहायला मला तीन रात्री लागल्या.
कारण माझा उजवा खांदा निखळला होता तेव्हा
हाच माणूस गुडघा टेकून बसला,
म्हणाला, "वर त्या पाकोळीकडं बघ,"
आणि मी बघेस्तोवर हाड जागेवर.
त्या सांध्याचं इंग्रजी नाव मला नंतर
दुसऱ्या सत्रात कळलं, चार गुणांना.
मी लिहिलं: पारंपरिक समज सदोष आढळतो.
खोडलं.
लिहिलं: आदरणीय वस्तादांच्या अनुभवास वंदन करून.
तोडकर मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारली,
निष्कर्षात वंदन नको.

सहीसाठी गेले तेव्हा ते हौद्यात ताक शिंपडत होते.
"वाच," म्हणाले, "सगळं. गाळू नगंस."
मी वाचलं. उद्दिष्टं, पद्धत, तक्ता, सरासरी.
माती उलथायचं फावडं हळूहळू थांबलं.
"ती सात नंबरची कोण?"
नावं द्यायची नसतात, वस्ताद, तसा नियम आहे.
"माझ्या तालमीत मला नियम सांगतीस व्हय?"
मग मीच खाली बघून म्हटलं, रुक्साना.
वैशाखात चक्कर येऊन पडलेली,
जिच्या नाकाला तुम्ही कांदा लावला होता.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मारुतीपुढचा दिवा फडफडला, कुणी तेल घातलं नाही.
मग हात लुंगीला पुसून पेन मागितलं
आणि तिसरीपर्यंत शिकलेल्या अक्षरात
द, स, त, एकेक जोडत,
जणू पुढची पकड चाचपत,
आपण चुकलो असं लिहिलेल्या कागदावर
सही केली.
कोपऱ्याला लाल बोट उमटलं.

ते बघून पिसे म्हणाले, कागद मळलाय.
घेतला मात्र.
हजेरीचे चार टक्के स्पर्धा रजेतून भरून निघतील म्हणे,
अर्ज वेगळा, त्याच्या दोन प्रती.

तिसऱ्या दिवशी तालमीत, पायताणं काढतो तिथं,
एक माठ आला.
कुणी आणला, कुणी सांगत नाही.
साखळीला बांधलेला स्टीलचा पेला,
झाकणावर कापलेलं फडकं.
पोरी दोन डावांच्या मधे जाऊन पितात,
तेवढा वेळ वस्ताद पाठमोरे होऊन
भिंतीवरच्या गदा नीट लावतात,
त्या आधीच नीट असतात.

एकोणिसावं टिपण मी पाण्यावरच लिहिलं.
वर्ग आठवी, वेळ पस्तीस मिनिटं,
साहित्य: शिट्टी, चुना, माठ.

मी स्वतः अजून प्यायले नाही.
रोज ठरवते.
घशाला कोरड पडते, काटा मनात सरकत जातो,
एक टक्का, दीड,
आणि ते पाठमोरे उभे असतात,
माझी वाट बघत असल्यासारखे.