शून्य म्हणजे झालं

अक्कलकोट रोडचा कारखाना, दुपारचे अडीच,
पत्र्याखाली बेचाळीस अंश, मागांचा खडखडाट,
आणि मी सी मध्ये एक लूप लिहितेय.
डिरेक्टरी उघड, एकेक नाव वाच,
एक टिंब, दोन टिंबं, ती सोड.
उरलेल्यांना नंबर दे.

एक्स्पोर्टवाल्यांना नंबरच हवेत.
इरबत्ती मास्तरांनी टॉवेलच्या नक्ष्यांना
नावं दिली होती:
नेमली. चिलका. मल्लेपुव्वु.
एकीचं नुसतंच
'पद्माच्या लग्नातली'.

जुनं नाव, स्वल्पविराम, नवं नाव.
रीनेम शून्य परत करतं.
शून्य म्हणजे झालं.

फाईल जागची हलत नाही.
आयनोड तोच, धागा न् धागा तोच,
दारावरची पाटी तेवढी बदलते.
त्याला फाईलची परवानगी लागतच नाही,
डिरेक्टरीची लागते.

विडी कारखान्यातल्या कारकुनानं
आईला कुठं विचारलं होतं?
घरी राजव्वा, कार्डावर राजाबाई.
रोजच्या हजार विड्या
त्याच बोटांनी वळल्या.

तिसऱ्या दिवशी मोजल्या तर
चारशे अठरातली एक कमी.
चूक माझीच, दोघींना एकच आकडा.
रीनेमनं आधीची पुसली,
नंतरची तिच्या जागी बसवली.
हूं की चूं नाही.
तेव्हाही शून्यच परत केलं असणार.

मल्लेपुव्वु गेली.
मास्तरांना सांगितलं तेव्हा
त्यांच्या हातात भाकरी, वर शेंगाचटणी.
घास तसाच धरून म्हणाले,
"आलेखाच्या कागदावर असंल.
नसंल तर बोटात हाय."
मग बराच वेळ जेवलेच नाहीत.

आता मी आधी लिंक लावते.
नवं नाव कुणी घेतलेलं असेल
तर लिंक तिथंच अडते, एरनो सांगतो,
इथं कुणीतरी राहतंय.
नसेल, तर घटकाभर
एकाच कापडाला दोन नावं.
मग जुनं सोडवायचं. अनलिंक.

ती ओळ अजून लिहिली नाही.
यादी काढली की
दुसऱ्या रकान्यात सगळीकडे दोन, दोन, दोन.
मालक विचारतात, का गं, दुप्पट कशा झाल्या?
जागा तेवढीच लागते, साहेब.
एवढं बोलून मी पंख्याकडे सरकते.

पाचला निघायचंय,
आईच्या फंडाचा अर्ज भरायचाय.
खिडकीवरचा नाव विचारेल.
दोन्ही सांगेन.
बघू कुठं अडतं.