सोळा परस

विहिरीत आधी मी उतरत नाही, कंदील उतरतो.
दोरीला बांधलेला, हळूहळू,
आणि वर आम्ही चौघे त्याच्या ज्योतीकडे बघत बसतो
जसं कुणी आजाऱ्याच्या छातीकडे बघतं.
विझला, तर घरी जायचं.
तेवत राहिला, तर माझी पाळी.

यावलच्या या पट्ट्यात खडक लागत नाही.
माती, माती, पिवळी माती,
नखाने खरवडली तरी निघणारी.
केळीला मानवते, विहिरीला नाही.
उखर्डूकाका म्हणायचा, दगड बोंबलून पडते रे भो,
माती सांगत नाही.
त्याला तिने सांगितलं नाही.
अखाजीला दोन दिवस होते.
पोरींनी निंबाला बांधलेले झोके सोडले
आणि त्याच दोरांनी
अखाजीच्या सकाळी त्याला वर काढलं.
काकू अजून झोक्याकडे पाठ करून बसते.

तरी मी तेच काम धरलं.
यारी घरची होती, आणि दुसरं काही येत नव्हतं.

भीती पोटात नसते, टाळूत असते.
आठ परसांवर वरची माणसं बोटाएवढी होतात,
दहावर त्यांचा आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत,
बारावर आभाळ रुपयाएवढं,
आणि मानेवर मातीचा कण पडतो.
एकच.
त्याचं वजन मी कुणाला समजावू?

यादव भंगाळेची विहीर. माघ महिना.
सोळा परसांवर कुदळ वाजली,
ठक्क नाही, खळ्ळ.
कंदील जवळ नेला.
भिंतीत गोटे. कोंबडीच्या अंड्याएवढे, काही टिटवीच्या,
गुळगुळीत, सगळे एकाच अंगाला कललेले,
वाऱ्याने गहू कलतो तसे.
आणि त्यांच्यात एक शिंपला. मिटलेला.

माती गोटे घासत नाही,
एवढं मलाही कळतं.
पाणी घासतं, आणि तेही घाईचं नाही.
तापी इथून चार कोस.
म्हणजे कधीतरी ती इथून गेली,
माझ्या उजव्या हातावरून डावीकडे,
तेव्हा केळी नव्हती, यावल नव्हतं,
तिला तापी म्हणणारंही कुणी नव्हतं.
मग तिने कूस बदलली
आणि पुरापुराने हे पांघरूण टाकत गेली,
बोट बोट,
सोळा परस.
भिंतीवर हात फिरवला
तर एकेका पुराची रेघ बोटांना लागत होती.
जिला जन्मभर भ्यालो ती माती
नदीने आणून ठेवलेली होती.

सूर्याची लेक म्हणतात तिला.
तिची जुनी वाट अशा अंधारात,
आणि इतक्या काळाने तिथे पहिला उजेड आला
तो माझा, रॉकेलचा, काजळी धरलेला.
गुडघे टेकावेसे वाटले. जागा नव्हती.
उभाच राहिलो, कुदळ छातीशी धरून.
मानेवर आणखी एक कण पडला.
दचकलो.
पण वर नाही बघितलं.
हा कुठल्या पुराचा असेल,
असं मनात आलं.

गोट्यांमधून ओल फुटत होती.
वरून यादवभाऊ ओरडला असावा, झिपरू, लागलं का रे पानी?
मी म्हणालो, नदी लागली.
ते हसले, एवढं खालपर्यंत आलं.

काका अशाच रेघांमध्ये दोन रात्री होता.
हे काकूला सांगायला गेलो, शिंपला घेऊन,
आणि सांगता आलं नाही.
तिने तो धुतला, पदराने पुसला,
म्हणाली, मिटेल आहे तो. उघडू नको.

तुम्हाला वाटेल माझी भीती गेली.
आठ परसांवर पाय अजून कापतात.
कंदील अजून आधी जातो.
चप्पल मी काठावर काढून ठेवतो.
ती पूर्वीही काढायचो,
दोरीच्या रिकिबीत पाय घसरू नये म्हणून.