मोरोक्को, सहावीच्या वर्गात

घोटणेकर बाई नकाशा टांगत होत्या, खिळा निसटला.
भैरूनं तो चपलेनंच ठोकला.

"इथं डोंगरावर बर्फ पडतो,
पलीकडं उतरलं की वाळवंट."
"म्हणजे आमची जांबोटी नि अथणी," मल्लव्वा म्हणाली.
बर्फाचं काय, ते तिनं सोडूनच दिलं.

मग पुदिन्याचा चहा आला,
उंचावरून ओततात म्हणे, फेस यायला.
मग ताजीन: मातीचं भांडं,
वर शंकूसारखं झाकण, आत मंद शिजणारं मटण.
"माती कुठली, बाई?"
भैरू कुंभाराचा. बाईंना सांगता येईना.

शेवटी एका पाटीचा फोटो.
तीन लिप्या: अरबी, अमाझिग, फ्रेंच.
"वर कुठली लिहायची, यावरनं भांडणं होत्यात काय?"
मागच्या बाकावरून परशानं विचारलं.
बाई खिडकीतून शाळेच्या पाटीकडं बघत राहिल्या.
"होत असतील की," म्हणाल्या,
आणि खडू उगाचच पुसला.

पुढच्या सोमवारी भैरू उशिरा आला,
कोपरापर्यंत राख,
टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.
खानापूरच्या मातीचं ताजीन,
झाकण जरा वाकडं.

"आप्पा म्हणाला, असलं झाकण भट्टीत टिकत नाही.
टिकलं की, बाई."