डावा खालचा कोपरा

आधी दार लाव.
या गावातला वारा काउंटरवरच्या पावत्या उचलतो
आणि थेट सामुद्रधुनीत नेऊन टाकतो.
हां. आता बोल.

रुंद लेन्स हवी, डोंगरांसाठी.
पुंता अरेनासला येणारा जो तो हेच मागतो.
तर ऐक, यास्ना,
रुंद लेन्स डोंगर मोठे करत नाही,
मागे ढकलते.
अख्खा सुळका बिस्किटाच्या चुऱ्याएवढा होतो
आणि तुझ्या बुटासमोरचा कुठला कोण दगड
पाहुण्यासारखा पुढे येऊन बसतो.
दुरून डोंगर साजरे, खरं आहे,
पण इतक्याही दुरून नाहीत.

या तीन आहेत.
ही नवी. किंमत ऐकलीस तर कोट परत घालशील.
ही स्वस्त, पण सूर्य समोर आला
की चित्रभर हिरवे थेंब सांडते.
आणि ही जुनी, वीस मिलिमीटर,
फिल्टरचं कडं वाकलेलं,
फोकस फिरवताना वाळू दळल्यासारखा आवाज.
आवाजाला भिऊ नकोस.

आलेख वगैरे मी ठेवत नाही.
ते समोरचं पिवळं घर दिसतं? पन्हळी पत्र्याचं?
तोच माझा तक्ता.
उंबऱ्यात तिकाटणं लाव,
खाली बटाट्यांची पिशवी अडकव, नाहीतर उडेल.
एफ आठला सगळ्याच लेन्स शहाण्यासारख्या वागतात;
पूर्ण उघडून बघ.
मधोमध बघू नकोस, मध्य कुणालाही जमतो.
कोपरे बघ.
एक कोपरा लख्ख, दुसरा विरघळलेला, असं दिसलं
तर आतली एखादी काच तिरकी बसली आहे:
कुणीतरी पाडली आहे
आणि सांगितलेलं नाही.

डाव्या खालच्या कोपऱ्यात खिडकी येते.
तिथे दोन्या एदुविहिस बसायच्या, विणत.
एकोणीस वर्षं.
या दुकानातून गेलेल्या प्रत्येक लेन्सने
आधी त्यांना पाहिलं आहे.
एकीत त्या राखाडी डाग होत्या,
एकीत कणकेसारख्या ताणलेल्या,
एकीत कानाला जांभळी कड.
या वीसमध्ये पहिल्यांदा
सुया दिसल्या. मग टाके.
टाके मोजता आले, यास्ना!

मी फोटो छापून नेऊन दिला.
वाटलं होतं, कॉफी तरी मिळेल.
त्यांनी चष्मा शोधला, खिडकीशी धरून पाहिलं,
बराच वेळ,
आणि म्हणाल्या, "सातव्या ओळीत टाका सुटलाय."
माझ्यादेखत अर्धा स्वेटर उसवला.

ऑगस्टपासून तिथे पडदा असतो.
पोर्वेनीरहून भाची येते फेरीबोटीने,
धूळ झटकते, जाते.
पडद्याची जाळी बारीक आहे,
चाचणीला चालते.
चालते म्हणायचं.

*

तिने जुनी नेली, चार हप्त्यांत.
तीन आठवड्यांनी आली,
ओठ फुटलेले, बाहीला मेंढ्यांचा वास,
आणि काउंटरवर फोटो ठेवून उभी राहिली.
"एफ आठला काढलाय," म्हणाली,
"तुमचं ऐकून नव्हे. ऊन होतं म्हणून."

मी आधी कोपऱ्यात गेलो. जुनी खोड.
काटेरी तार होती,
तारेला अडकलेला लोकरीचा पुंजका,
वाऱ्याने पार आडवा केलेला,
आणि तरी
तंतू न् तंतू वेगळा.

"डोंगर कसे आलेत?" तिने विचारलं.
डोंगर होते ना. मागे कुठेतरी.
"चांगले आलेत," मी म्हटलं,
आणि भिंग शोधायच्या निमित्ताने
खाली वाकून खणात
जरा वेळ काढला.